पोत्यातली मान

मु. सावरटोला, ता. पोंभुर्णा
१७ मार्च

बाबा, जय भीम.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. भज्यांच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तुम्ही फेकत नाही, तेव्हा हेही वाचाल. रागाने वाचाल, पण वाचाल.

एकच विचारायचं आहे. पोतं कुठे आहे?

तेच, जानेवारीत मी घरी आणलेलं. न्हाणीमागे ठेवलं होतं. मी आंघोळ करून येईपर्यंत तुम्ही आत काय आहे ते पाहिलंत, आणि संध्याकाळपर्यंत ना पोतं राहिलं ना आपलं बोलणं. तेव्हा मी विचारलं नाही, कारण मीही तुमचीच मुलगी, मलाही राग येतो. आता विचारते, कारण मला भीती वाटते आहे.

मी ज्यांच्या घरी राहते त्या नीलाबाईची धाकटी जाऊ, रंजीता, गेल्या आठवड्यात वाघाने मारली. मोहाची फुलं वेचायला गेली होती. त्या दिवशी नीलाबाईच्या अंगात ताप होता, म्हणून रंजीता एकटी गेली. टोपली अर्धी भरलेली सापडली. ती पुढे काही हातांवर सापडली, झुडपात.

तालुक्याच्या दवाखान्यात शवविच्छेदन झालं. हाडांवरच्या दातांच्या खुणांचं माझं काम तिथल्या डॉक्टरांना माहीत आहे. त्यांनी मला बोलावून जखमा दाखवल्या, एक्स-रे दाखवला. बाबा, मी आजवर कितीतरी माना हाताळल्या. उंदराची, चितळाची, रानडुकराची, कॉलेजच्या काचेच्या कपाटातली माणसाची. पण जिच्या हातची आंबील मी आदल्या दिवशी प्यायले तिची मान पहिल्यांदाच बघितली. टेबलाची कड धरून उभी राहिले.

वाघाने मागून धरलं होतं. वरचा एक सुळा थेट मणक्यात गेला होता, स्वच्छ गोल भोक. दुसऱ्या सुळ्याच्या जागी मात्र भोकच नाही, नुसतं चेचलेलं. म्हणजे तिथे दात नाही, किंवा मुळापासून तुटलेला आहे. असं जनावर रानगवा सोडा, धड सांबरही पाडू शकत नाही. सोपं काही बघतं.

हे डोळ्यांसमोर असताना मला तुमचं पोतं आठवलं. हो, आता ते तुमचंच झालं आहे. त्यात चैतूभाऊच्या गोऱ्ह्याची मान होती. चैतूभाऊ म्हणजे नीलाबाईचा नवरा. तो गोऱ्हा याच जंगलात वाघाने मारला होता. मान पोत्यात भरताना वाळलेल्या मांसावरून माझा अंगठा फिरला होता. एका बाजूला खळगा लागला, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. साफ केल्यावर बघू, असं म्हणून मी तोंड बांधलं. कॉलेजात रंगकाम चाललं होतं, म्हणून साफ करायला घरी आणलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही काय बोललात तेही मला पाठ आहे. "माह्या आज्यानं गावाची मेली ढोरं ओढली. माह्या बापानं चांद्याले दीक्षा घेतली, अन् त्या दिवसापासून ह्या घरातल्या मानसाचा हात मेल्या ढोराले नाई लागला. अन् तू इतकी शिकून पोतं भरून आनतं?"

मी तेव्हा म्हणाले की हे संशोधन आहे, ते वेगळं. तुम्ही म्हणालात, वास तोच आहे. तो वाद नंतर घालू. आधी सांगा, ते फेकलं की पुरलं, आणि कुठे.

सत्यशीला


सावरटोला
२१ मार्च

बाबा,

इंदुताईंचा फोन लागला. इथे तळ्याच्या पाळीवर उभं राहिलं तर लागतो. शेजारीण असून माझ्यासाठी हेरगिरी करते बिचारी. म्हणाली, "वाचलं त्याईनं. दोनदा वाचलं. घड्याळाच्या मागं ठेवलं. म्या इचारलं पोत्याचं, तं म्हनते, मले नोको विचारू." शाबास. वीज बिलाच्या शेजारी मला जागा मिळाली.

इथे वाघ धरला. परवा. मोठा नर आहे, गाडीत घालून नेला. गावात ढोल वाजला. काल वनखात्याचा माणूस येऊन सांगून गेला की जंगल मोकळं आहे, मोह वेचायला हरकत नाही. बायांनी लगेच झाडाखालचा पाला जाळून जागा साफ केली. मोह वर्षातून एकदाच पडतो, तो कोणासाठी थांबत नाही.

सगळ्यांसारखा मलाही आनंद झाला. मग दिनेश आला. दिनेश इथला वनरक्षक, चिमूरचा पोरगा, माझ्याहून थोडा लहान. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. बेशुद्ध वाघाचा जबडा कोणीतरी दोन्ही हातांनी उघडून धरलेला.

चारही सुळे शाबूत, बाबा. पांढरे, टोकदार, एकालाही खरचटलेलं नाही.

मी फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. दिनेश विचारायला लागला, "काय झालं मॅडम?" मी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो मला घेऊन त्याच्या वनखात्याच्या साहेबांकडे गेला. साहेब काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, ती बाई झटापट करत असेल, एक दात निसटला असेल. एका मानेवरून मी अख्ख्या जंगलाला कुलूप लावू? गावकरी मला खातील. दुसरं काही आहे का तुमच्याकडे?"

मी म्हणाले, आहे. मग म्हणाले, माझ्याकडे नाही, माझ्या वडिलांकडे आहे. ते माझ्याकडे कसे बघत होते ते तुम्ही बघितलं असतंत तर तुम्हाला माझी दया आली असती.

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की मी हाडांत काय बघते. न विचारता सांगते. उंदराच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या तेवढ्या लांबलचक मानेतही सातच. गोऱ्ह्याच्या सात, वाघाच्या सात, तुमच्या नि माझ्या सात. एक-दोन विचित्र प्राणी सोडले तर दूध पाजणाऱ्या सगळ्यांची मान सारखीच घडवलेली. फरक एवढाच की त्यांची मान पुढे आडवी असते आणि आपली डोक्याखाली उभी. माणूस वाकला की त्याचीही आडवी होते. मग मागून बघणाऱ्याला तो माणूस दिसत नाही. पाठ दिसते, मान दिसते, म्हणजे ढोर.

लहानपणी तुम्ही मला रोज एकच सांगायचात. शाळेला निघताना, पाहुणे आले की, मास्तर रागावले तरी. मान वर करून चाल. मला वाटायचं ही फक्त आपल्या घरची शिकवण आहे. इथे येऊन कळलं की जंगलातही तीच आहे.

आणि मोह वेचायला तर वाकावंच लागतं.

नीलाबाई उद्यापासून जाणार. मी म्हटलं, तो दुसरा आहे, खरा अजून बाहेर आहे. ती म्हणाली, "असंल बाई. पन मोह पडून राह्यला ना." तिच्या डोळ्यांत भीती होती, नाही असं नाही. पण टोपली हातात होती.

इथल्या बाया दोघी-दोघी जातात. पाठीला पाठ लावून वेचतात. एक वाकली की दुसरी उभी राहते. पाठीची जोडीदार म्हणजे सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. नीलाबाईची जोडीदार रंजीता होती. आता तिला कोणी जोडीदार नाही, कारण बाकीच्या सगळ्या आधीच जुळलेल्या आहेत, आणि चैतूभाऊचा गुडघा वाकत नाही.

म्हणून मी जाते तिच्याबरोबर. म्हणूनच मला भद्रावतीला येऊन तुमच्याशी भांडायला वेळ नाही. मी निघाले तर तिची पाठ उघडी पडेल. बाबा, कृपा करा. कुठे आहे ते फक्त इंदुताईंना सांगा.

सत्यशीला


सावरटोला
२५ मार्च

बाबा,

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

आज सकाळी आम्ही गेलो होतो. उजाडलं होतं, पण झाडाखाली अजून गारवा होता. मोह पडला की त्याचा वास डोक्यात चढतो. अंगाला अंग लागेल एवढ्या जवळ आम्ही होतो. नीलाबाई वाकलेली, मी उभी. वाकलेली असली तरी ती बोलत असते, मोठ्याने, काहीबाही. सुनेला शिव्या देते, सून नसताना. आवाज पाहिजे म्हणून. मी विचारलं, "मुलगाच नाही तुम्हाला, सून कुठली?" ती म्हणाली, "म्हनूनच तं मनासारख्या देता येते."

मी हसत होते, आणि हसता हसता लक्षात आलं की पाखरं गप्प झाली आहेत.

मग चितळ ओरडलं. एकदाच. नाल्याच्या बाजूने. तो आवाज तुम्ही ऐकलेला नाही, ऐकू नका. नीलाबाई बोलायची थांबली. मी म्हटलं, "नीलाबाई, उभ्या व्हा." ती म्हणाली, "थांब. हळू उठतो." आणि ती उठेपर्यंत जो वेळ गेला तो मला अजून संपलेला वाटत नाही. मी नाल्याकडे बघत होते. तिथे काहीच नव्हतं. नुसता वाळलेला बांबू आणि ऊन. पण त्या काहीच नसण्यातून कोणीतरी आमच्याकडे बघत होतं, हे मी शपथेवर सांगेन. माझ्या मानेच्या मागचे केस उभे राहिले. मान कशी घडते ते मी शिकले आहे, ती कशी भिते ते आज कळलं.

"टोपली सोड," नीलाबाई म्हणाली. "वाकू नोको. पडलं ते पडू दे. पाठ नोको दाखवू." आम्ही पाठीला पाठ लावूनच सरकत आलो, खेकड्यासारख्या. ती गाणं म्हणत होती, गोंडीत, मोठ्याने. मला शब्द कळत नव्हते तरी मी ओरडत होते. गावची पहिली कुडाची भिंत दिसली तेव्हा मला रडू फुटलं. नीलाबाई म्हणाली, "रडू नोको. टोपली गेली ना माही." आणि मग तीच रडायला लागली, रंजीताच्या नावाने.

दिनेशला नाल्यात ठसे मिळाले. ताजे. त्याने फोटो काढून साहेबांना पाठवले. साहेबांचा निरोप आला की जंगल आहे, वाघ असणारच, हा जाता-येता असेल, मारणारा गेला. बायांना संध्याकाळी समजावून बघितलं. त्या ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि सकाळी टोपल्या घेऊन उभ्या असतात. त्यांनी तरी काय करावं? वर्षाचं मीठ-मिरची, कपडालत्ता त्या फुलांवर असतो. जंगल बंद झाल्याशिवाय कोणीही घरी बसणार नाही, आणि पोतं आल्याशिवाय जंगल बंद होणार नाही.

तुम्हाला वाटत असेल, पोरगी नाटक करते. मी नाटक करत नाही. मला वाटतं उद्या-परवा यांतलं कोणीतरी जाणार. ती नीलाबाई असेल, किंवा मी.

पोतं पुरलं असेल तर कोणाकडून तरी काढवून घ्या. तुम्ही हात लावा असं मी म्हणणार नाही. वाटेल त्या मजुराला सांगा. बांधून चांद्याच्या स्टँडवर पोंभुर्ण्याच्या गाडीत ठेवा, कंडक्टरला सांगा की सावरटोल्याच्या फाट्यावर उतरव. दिनेश तिथून घेऊन येईल.

तुम्ही येऊ नका, बाबा. हे नीट वाचा. फाट्यापासून गावापर्यंतची वाट जंगलातून आहे. तिच्यावर एकट्याने चालू नये. फक्त पोतं पाठवा.

तुमची
शीला


सावरटोला
९ एप्रिल

बाबा,

तुम्ही परत गेलात त्याला बरेच दिवस झाले. इंदुताई म्हणते तुम्ही आता माझा फोन आला का म्हणून रोज विचारता. फोनवर हे मला सांगता आलं नसतं. बसून वाचा. पाणी जवळ ठेवा.

तुम्ही आलात त्या दिवशी मी तळ्याच्या पाळीवर होते. दुपार कलत होती. इंदुताईचा फोन आला. "तुये बाबा गेले न वं सकाळीच, डोक्यावर पोतं घेऊन. सांगतलं नाई का तुले?"

मी विचारलं, कुठे गेले? ती म्हणाली, "तुयाकडंच तं." माझ्या हातातला फोन चिखलात पडला. गाडी फाट्यावर येऊन गेल्याला बराच वेळ झाला होता. दिनेश त्या दिवशी दुसऱ्या बीटात गस्तीवर होता. म्हणजे तुम्ही त्या वाटेवर होतात. एकटे. मी पळत सुटले. मागून चैतूभाऊ ओरडत होता, "पळू नोको! पळनाऱ्याच्या मागं लागते थो!" तो बिचारा लंगडत, काठी आपटत, डबा वाजवत माझ्यामागे येत होता. मी तुम्हाला हाका मारत होते. बाबा म्हणून नाही, देवराव म्हणून, कारण बाबा कितीतरी असतात. तुम्हाला ते आवडलं नाही, हे नंतर तुम्ही बोलून दाखवलंतच.

वळणावर तुम्ही दिसलात. पांढरा शर्ट, डोक्यावर पोतं, एक हात पोत्याला, एक पाय अनवाणी. भद्रावतीच्या बाजारातून कोथिंबीर घेऊन यावं तसे निवांत येत होतात. मला बघून पहिलं वाक्य काय म्हणालात आठवतं? "नवी चप्पल गेली ना बे."

मी विचारलं, कुठे गेली? "चपलेचा अंगठा तुटला मागं. वाकलो असतो तं पोतं खाली ठेवा लागलं असतं. अन् पुन्हा डोक्यावर द्याले तिथी कोन हाय? राहू देल्ली."

मी भांडले. येऊ नका म्हणून लिहिलं होतं ना, कंडक्टरकडे द्या म्हटलं होतं ना! तुम्ही पोतं डोक्यावरच ठेवून म्हणालात, "त्यानं विचारलं असतं, काय हाय आतमंदी. हे ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देत नसते, पोरी. आपल्या मानसाईनं लय वाह्यलं, मले मालूम हाय ते किती जड रायते." मग मी तुमच्या मागे चालायला लागले.

नीलाबाईच्या अंगणात तुम्ही पोत्याचं तोंड सोडलंत. मला वाटलं होतं, माती, किडे, कुजका वास. आणि आतून निघालं काय तर स्वच्छ पांढरे मणके, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तुम्ही उकरून काढलंत, आणि मजुराला नाही सांगितलंत. इंदुताईने नंतर सांगितलं, तुम्ही नळाखाली बसून जुन्या टूथब्रशने ते घासत होतात, आणि कोणी आलं की वर टॉवेल टाकत होतात. जन्मभर कारखान्यात फिटर असलेला माणूस. तुम्ही ते अंगणात मांडायला लागलात. एकेक उचलून, फिरवून, दुसऱ्यात बसवून बघत. "पाह्य, एकात एक बसते. उलटं लावलं तं बसतच नाई. फिटिंग हाय हे." मग मोजलेत. "सातच हाय. तू लिवलं होतं तसे."

नीलाबाई चहा घेऊन उभी होती. तुम्ही तिला विचारलंत, "तुमचाच होता का गोऱ्हा?" ती म्हणाली, "हाव भाऊ. राजा नाव होतं." तेव्हा तुम्ही मणका हातातून खाली ठेवलात, किती हळू ठेवलात, ते मी बघितलं.

तिसऱ्या मणक्यावर एका बाजूला गोल भोक. दुसऱ्या बाजूला चेचलेलं. रंजीताच्या एक्स-रेशी जुळवून साहेबांसमोर ठेवलं, दिनेश तुम्हाला मोटारसायकलवर लांबच्या पक्क्या रस्त्याने स्टँडला सोडायला गेला त्याच संध्याकाळी. साहेबांनी भोकावर स्वतः बोट ठेवून बघितलं. दुसऱ्या दिवशी जंगल बंद झालं. बायांनी आधी त्यांना शिव्या दिल्या, मग मला. नीलाबाई सगळ्यांना ओरडून म्हणाली, "रंजीता माही गेली, का तुमची?" मग एकेक बाई टोपली घेऊन घरी गेली. मोहाच्या बदल्यात काही दिवस पाणवठ्यांच्या कामावर घेऊ, असं साहेबांनी कबूल केलं आणि ते पाळलं.

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे, निदान अंदाज आहे. आता जे माहीत नाही ते.

जंगल बंद झालं त्या सकाळी दिनेश फाट्याकडून पायी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. हातात तुमची चप्पल होती. डावी. मी म्हटलं, बरं झालं सापडली. तो म्हणाला, "मॅडम, जरा चला."

त्याने मला वाटेवर नेलं. तिघे-चौघे होतो आम्ही. धुळीत तुमचे ठसे अजून होते, कारण तुमच्यानंतर तिथून कोणी चाललं नव्हतं. आधी दोन चपला. मग एक चप्पल, एक उघडा पाय. तुमचा तो करंगळी बाहेर पडलेला पाय मी कुठेही ओळखेन.

आणि त्यांच्यावर पंजे.

शेजारी नाही, बाबा. वर. तुमच्या टाचेच्या ठशावर पंजाचा ठसा. नाल्यापासून तुम्ही जिथे जिथे पाय ठेवलात, तिथे तिथे मागून त्याने ठेवला होता. तुम्ही रमतगमत चाललात तिथे त्याची पावलं जवळजवळ होती. तुम्ही घाम पुसायला थांबलात तिथे, दिनेशने दाखवलं, तो बाजूला गवतात दबून बसला होता. जिथे चप्पल सुटली तिथे दिनेशला ती उलटी पडलेली सापडली होती आणि तिच्याभोवती वाघाने फेरी मारली होती. मग पुन्हा तुमच्यामागे. वळणापर्यंत. जिथे मी देवराव, देवराव म्हणून ओरडत आले आणि चैतूभाऊने डबा वाजवला, तिथे तो तेंदूच्या झुडपात वळला.

मी रस्त्यातच खाली बसले. दिनेश घाबरून ओरडला, "उठा मॅडम, बसू नका!" त्याने मला दंडाला धरून उभं केलं. मी त्याला एकच विचारत होते, एवढा वेळ होता, मग का नाही? तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. म्हणाला, "कोणाले माहीत. पण त्याईच्या डोक्यावर ओझं होतं. ते वाकले नाई."

डोक्यावर ओझं असलं की मान सरळच ठेवावी लागते. मणक्यावर मणका, सातही उभे. त्याला मागून पाठ आडवी दिसली नाही, मान दिसली नाही. एक उंच काहीतरी दिसलं, वर गाठोडं असलेलं, जे कधीच खाली येत नव्हतं. तो वाट बघत होता. तुम्ही चपलेसाठी वाकण्याची वाट बघत होता.

बाबा, पोतं तुम्ही खांद्यावर घेतलं असतंत तर? तुटलेला अंगठा बघायला नुसते खाली झुकला असतात तर? आजही डोळे मिटले की मला ती करंगळी दिसते आणि तिच्यावर तो पंजा. मी झोपेत ओरडते, नीलाबाई उठून पाणी देते. तुम्हाला सांगू नये असं वाटत होतं. पण तुम्ही पुन्हा कधीतरी असेच न सांगता निघाल, म्हणून सांगते.

तो काल पिंजऱ्यात आला. मी जाऊन बघितला. म्हातारी वाघीण आहे, तो नाहीच. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. वरचा एक सुळा मुळापासून तुटलेला, जबडा सुजलेला, पू भरलेला. गोऱ्ह्याला तिने कसं पाडलं असेल देव जाणे, तुम्ही देव मानत नाही तरी. मला तिची दया आली आणि भीती गेली नाही, दोन्ही एकदम. तिनेही माझ्याकडे बघितलं. मी ताठ उभी होते.

जंगल दोन दिवसांत उघडेल. मोहाची शेवटची फुलं अजून झाडावर आहेत. नीलाबाई म्हणते, राहिलेली तरी वेचू. मी तिच्याबरोबर जाणार आहे. भीती वाटते, पण जाणार आहे.

तुमची चप्पल गावातल्या माणसाने शिवून दिली. चांगली शिवली आहे, आता तुटायची नाही. पार्सलने पाठवणार नाही. न्यायला या. दिनेश आणि मी फाट्यावर उभे राहू. गाडीतून उतरलात की तिथेच थांबा, बाबा. मी चप्पल तुमच्या पायापाशी ठेवीन. तुम्ही वाकायचं नाही. मी वाकून अंगठा घालीन, आणि मी वाकलेली असताना तुम्ही ताठ उभे राहून माझ्या पाठीमागे बघत राहा.

तुमची
शीला